दोघंच, सावकाश : खान्देशातून पहिल्यांदा फिरायला निघणाऱ्या जोडप्यांसाठी

आपल्याकडे फिरणं म्हणजे एकतर देवाची यात्रा, नाहीतर लग्नाला जाताना वाटेत जमलं ते. नवरा-बायको दोघंच, कोणतंही कार्य नसताना, नुसतं चार दिवस राहायला कुठे निघाले तर गल्लीत पहिला प्रश्न येतो, "काय काम काढलं?" काम काहीच नाही, हे न लाजता सांगता आलं की अर्धी तयारी झाली. उरलेल्या अर्ध्या तयारीसाठी हे लिहिते आहे. मी रावेर तालुक्यातली, शाळेतून निवृत्त झालेली. घरी केळी आहे आणि ती बघणारे आमचे हे. आम्ही आधी जवळपास, मग देशात, मग बाहेर, असे फिरत गेलो. ओळखीतली माणसं फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून सगळं क्रमानं मांडलं.

एक अट मात्र आधीच सांगते. सात दिवसांत नऊ शहरं बघायची असतील तर टूर कंपनी गाठा, त्यांना ते छान जमतं. पुढचं सगळं एका गावात निदान चार रात्री राहणाऱ्यांसाठी आहे.

## १. आधी शेताचं आणि सणावारांचं पंचांग मांडा

तिकिटं स्वस्त कधी मिळतात ते नंतर बघा. वहीत बारा महिने लिहा आणि ज्या महिन्यांत तुम्ही घरातून हलूच शकत नाही ते खोडा. कापूसवाल्यांचे ऑक्टोबर ते जानेवारी वेचणीत जातात. केळीवाल्यांचं जास्त अवघड. मृगबाग आणि कांदेबाग (केळी लावण्याचे दोन हंगाम) दोन्ही असतील तर सुट्टी अशी नसतेच. कापणीचे आठवडे टाळायचे आणि पाण्याचं कोणावर तरी सोपवायचं, एवढंच आपल्या हातात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा आईवडीलच गावाला गेलेत हे चालत नाही. श्रावणात कानबाईचा सण. मग दिवाळी, आणि तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं.

एवढं खोडल्यावर बहुतेकांच्या वहीत दोन फटी उरतात. एक म्हणजे फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. दुसरी कोणाच्या लक्षातच येत नाही: पितृपक्ष. घरचं श्राद्ध उरकलं की त्या पंधरवड्यात कोणी कार्य काढत नाही, आमंत्रणं नाहीत, नातेवाईक रुसत नाहीत. सप्टेंबरात युरोपातली उन्हाळी गर्दी ओसरलेली असते आणि हवा अजून चांगली असते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा पळून जावंसं वाटतं खरं, पण नेमक्या तेव्हाच शाळांना सुट्ट्या असतात. आपल्या वयाच्या, मुलं मोठी झालेल्या जोडप्यांनी त्या गर्दीत शिरायचं कारण नाही.

मग उरलेल्या महिन्यांपुढे तिथला पाऊस लिहा. मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुसळधार पाऊस आणि पूर येतात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत होई आन नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेच गाव कोरडं आणि सुखाचं असतं. उलट मांडूची खरी शोभा पावसात.

## २. पहिली तालीम घराजवळ करा

ही पायरी गाळू नका. तीस-पस्तीस वर्षं एका घरात राहिलेली माणसंसुद्धा एकमेकांसोबत रिकामी बसलेली नसतात. एकाला पाचला जाग येते आणि लगेच चहा लागतो, दुसऱ्याला आठपर्यंत कोणी हाक मारलेली चालत नाही. हे परदेशात, महागड्या खोलीत कळण्यापेक्षा घरापासून दोन तासांवर कळलेलं बरं. तीन जागा सुचवते.

बऱ्हाणपूर. आमच्या रावेरहून रेल्वेनं अगदी जवळ, भुसावळ-खंडवा मार्गावर. आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या काळात खान्देशाची राजधानी हीच. १६३१ मध्ये मुमताज महल इथेच वारली आणि ताजमहाल व्हायच्या आधी तिचं दफन तापीपलीकडे झैनाबादला झालं होतं. आपण मात्र बऱ्हाणपूर म्हणजे दर्गा, मावा जिलेबी आणि संध्याकाळची परतीची गाडी एवढंच धरतो. तिथे दोन रात्री राहा. एक सकाळ कुंडी भंडाऱ्याला द्या. जमिनीखालून पाणी आणणारी ही मुघलकालीन व्यवस्था उतरून बघता येते. एक दिवस असीरगडाला. संध्याकाळी तापीच्या घाटावर बसून राहा.

तोरणमाळ. शहाद्याहून वर चढायचं. यशवंत तलाव, सीताखाई, आणि बाकी बघण्यासारखं फार काही नाही, म्हणूनच तालमीला उत्तम. फोनची रेंज बेभरवशाची आणि सुट्टे पैसे जवळ लागतात. दोन दिवस फोन नसताना तुम्ही दोघं काय बोलता ते कळेल.

महेश्वर आणि मांडू. धुळे-शिरपूरवाल्यांना मुंबई-आग्रा रस्त्यानं सेंधवा ओलांडून धामनोदपर्यंत सरळ जाता येतं, तिथून दोन्हीकडे फाटे. मुक्काम महेश्वरला, अहिल्याबाईंच्या घाटाजवळ. मांडूला जाऊन या किंवा तिथेही एक रात्र काढा. मांडूत जागोजाग फुगीर बुंध्याची गोरखचिंचेची झाडं आहेत. फळ चाखून बघा, आंबट असतं.

आणि अजिंठा? जळगावकर तो शाळेच्या सहलीत बघतो आणि जन्मभर "पाहिलंय" म्हणतो. फर्दापूरला रात्री मुक्काम करून सकाळी लेणी उघडताच आत जा. पहिलं, दुसरं, सोळावं, सतरावं आणि सव्विसावं, एवढीच बघा आणि प्रत्येकात अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबा. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ. पाहुण्यांना घेऊन सोमवारी फाट्यावरून परतणारे लोक दरवर्षी भेटतात.

तालमीत तीन गोष्टी वहीत टिपा: दिवसाला दोघांचा मिळून खर्च किती झाला, न थकता किती चाललात, आणि कोणत्या वेळी भांडण झालं. तिसऱ्याला हसू नका. बहुतेक भांडणं भुकेच्या वेळी किंवा सामान हातात असताना होतात; पुढचं सगळं नियोजन त्यावरच करायचं आहे.

## ३. मग देशातला लांबचा मुक्काम, रेल्वेनं

पुण्या-मुंबईच्या लोकांना आपला हेवा वाटावा अशी एक गोष्ट आपल्याकडे आहे: भुसावळ जंक्शन. दिल्ली, हावडा आणि सुरत या तिन्ही दिशांच्या गाड्या इथून जातात. गोव्याला गोवा एक्स्प्रेस, बनारसला कामायनी, चेन्नईला नवजीवन. नवजीवन तर नंदुरबार, अमळनेर, जळगाव करत येते. गाडी बदलायची नसेल तर वय झालेल्या गुडघ्यांना लांबचा प्रवासही झेपतो.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वीचे १२० दिवस नोव्हेंबर २०२४ पासून बंद झाले, तरी जुन्या सवयीनं लोक अजून चार महिने आधी बसून तिकीट शोधतात. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती परत आलेली नाही. पण खालच्या बर्थचा कोटा आहे: पुरुष ६० च्या पुढे, बाई ४५ च्या पुढे, आणि एका तिकिटावर जास्तीत जास्त दोन माणसं. म्हणून जोडप्यानं तिकीट दोघांचंच काढावं. सोबत भाचा येतोय म्हणून त्याचं नाव त्याच तिकिटात घातलं तर हा फायदा जातो.

पोचल्यावर तीच शिस्त: बनारसला गेलात तर प्रयाग, अयोध्या, गया एका दमात करू नका. पाच दिवस बनारस. रोज सकाळी वेगळ्या घाटावर चहा.

## ४. पासपोर्ट : नावाचा गुंता आधी सोडवा

जायचं नक्की नसलं तरी पासपोर्ट आता काढून ठेवा. अर्ज आणि भेटीची वेळ दोन्ही ऑनलाइन. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन' नं संपतो. हुबेहूब दिसणारी खासगी पानं जास्तीचे पैसे घेतात. मोठ्या शहरांतल्या केंद्रांखेरीज काही टपाल कार्यालयांतही पासपोर्ट सेवा केंद्रं आहेत, अर्ज भरताना जवळचं कोणतं ते यादीत दिसतं. ३६ पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टची फी १५०० रुपये, ६० पानीची २०००. तत्काळला वर आणखी २०००. नवा पासपोर्ट काढणाऱ्या साठीपुढच्यांना फीत १० टक्के सवलत आहे.

फी आणि रांग ही सोपी बाजू. आपल्या भागातल्या माणसांचं अडतं ते नावावर, आणि त्यातही बायकांचं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच. कुठे 'सुनंदा', कुठे 'सुनंदाबाई'. पुरुषांच्या नावामागे कुठे 'भाऊ' चिकटलेलं, कुठे नाही. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक बाबूनं आपापल्या कानाप्रमाणे घातलेलं. जन्मतारखेचंही तेच: शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली १ जून एकीकडे आणि आधारवर भलतीच. या तफावती अर्ज करण्याआधी दुरुस्त करा. आधी कोणता कागद पक्का धरायचा ते ठरवा (बहुतेकांसाठी शाळा सोडल्याचा दाखला), मग आधार, मग पॅन, मग बँकेचं खातं त्याबरहुकूम करून घ्या. याला दोन-तीन महिने सहज जातात. एजंट "होऊन जाईल" म्हणेल. केंद्रातल्या खिडकीशी मात्र तुम्हीच उभे असाल.

जवळ ठेवायचे कागद, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही:

- आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, तिन्हींवर एकच नाव
- शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला
- दहावीचं प्रमाणपत्र असेल तर
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र. जुन्या लग्नांची नोंद नसते. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत ती उशिरानंही होते. पासपोर्टला लागलं नाही तरी व्हिसाला हटकून मागतात
- राहत्या पत्त्याचा पुरावा, वीजबिल किंवा पासबुक

पोलीस पडताळणीला ठाण्यातून फोन येतो. त्या दिवसांत गावात राहा, इतकंच.

पासपोर्ट हातात आला की आडनाव आणि नाव कोणत्या रकान्यात छापलंय ते नीट वाचा. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, सगळीकडे तेच, त्याच क्रमानं. पतीचं नाव मधल्या नावात असेल तर तेही.

## ५. देश निवडताना

पहिल्या खेपेला तीन कसोट्या लावा: व्हिसा सोपा, विमानाचा प्रवास पाच-सहा तासांच्या आत, आणि एकाच गावात चार-पाच दिवस मन रमेल इतकं पायी फिरण्याजोगं काही.

नेपाळ आणि भूतानला व्हिसाच लागत नाही. पण इथे एक खड्डा आहे: १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार दाखवून चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागतं. आणि भूतानला भारतीयांकडून रात्रीमागे माणशी १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेतात, ते हॉटेलच्या भाड्याहून वेगळं.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, एका प्रवेशाचा २५ डॉलरला. सरकारी पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन' नं संपतो. नावात एक अक्षर चुकलं तर विमानतळावरून परत पाठवू शकतात आणि फीही परत मिळत नाही. तिथलं होई आन हे जुनं बंदराचं गाव आमच्या पद्धतीच्या प्रवासाला फार बरं: जुन्या भागात ठरावीक वेळी मोटारींना बंदी, नदीकाठ, सायकली, शिंपी. शाकाहारी असाल तर एकच सावधगिरी, साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो. आधी विचारा.

मलेशियातलं जॉर्जटाउन शाकाहाऱ्यांना आणखी सोपं, कारण तिथल्या लिटल इंडियात इडली-डोशापासून थाळीपर्यंत सगळं मिळतं. थायलंड आणि मलेशियाचे व्हिसामाफीचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी पानावर बघून घ्या. व्हिसा माफ असला तरी दोन्हीकडे निघण्याआधी ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट असतं. पैसे मागणारं पान दिसलं तर बंद करा.

युरोप दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. आणि तिथेही एकच परगणा. स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी मुक्कामाच्या पाहुण्यांना स्थानिक बस-रेल्वेचं कार्ड हॉटेलातून मिळतं; इटालियन बोलणाऱ्या टिचिनो परगण्यात तर २०१७ पासून संपूर्ण परगण्याचा सार्वजनिक प्रवास त्यात येतो. एका जागी राहणाऱ्याला महागडा रेल्वे पास मग लागतच नाही.

## ६. शेंगेन व्हिसा, शेतकऱ्याच्या घरातून

शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. नोकरदारांसाठी याची माहिती सगळीकडे आहे. शेतीवर चालणाऱ्या घराला ती पुरत नाही, म्हणून जरा सविस्तर.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण त्या कडेवर जाऊ नका. फी ९० युरो. निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागतं, आपल्याला मुंबई किंवा पुणे. एकदा दिलेले ठसे साधारण पाच वर्षं चालतात. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज.

अधिकाऱ्याला कळायला हवं ते इतकंच: यांच्याकडे खर्चाला पैसे आहेत, आणि हे परत येतील. शेतकऱ्याच्या बाबतीत परत येण्याचा सर्वात भक्कम पुरावा म्हणजे जमीन. सातबारा आणि आठ-अ उतारा जोडा, पण नुसता मराठी नको. इंग्रजी भाषांतर करून नोटरी करा. केळीच्या किंवा कापसाच्या विक्रीच्या पावत्या ठेवत जा आणि व्यापाऱ्याला रक्कम खात्यावर टाकायला सांगा. आपल्याकडे रोखीत व्यवहार उरकायची सवय आहे, आणि व्हिसाच्या वेळी तीच नडते. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी आयकर विवरणपत्र भरत राहिलात तर तो कागद फार उपयोगी पडतो. आणि अर्जाच्या आधी मुलाकडून तीन लाख आणून खात्यात टाकू नका. अचानक आलेली मोठी रक्कम शंका दूर करण्याऐवजी वाढवते. मुलगाच खर्च करणार असेल तर तसं सरळ लिहून त्याचे कागद जोडा.

सोबत एक पानाचं साधं पत्र: आम्ही कोण, कुठल्या तारखेला कुठे राहणार, बाग कोण बघणार, परत कधी. दोघांचा अर्ज वेगवेगळा असतो. पत्नीच्या नावे उत्पन्न नसेल तर तिच्या फाइलमध्ये पतीच्या कागदांची पूर्ण प्रत आणि विवाह प्रमाणपत्र घाला. 'त्यांच्या फाइलमध्ये आहे की' हे खिडकीवर चालत नाही.

## ७. विमानापर्यंत पोचणं

जळगावला विमानतळ आहे, काही शहरांना उड्डाणंही आहेत, पण त्यांचं वेळापत्रक बदलत राहतं; परदेशी विमानाची जोड त्यावर ठरवू नका. नंदुरबार-नवापूरकडच्यांनी मुंबईच्या आधी सुरत बघावं, तिथून काही परदेशी उड्डाणं आहेत आणि रेल्वेनं ते जवळ पडतं. बाकी सगळ्यांना मुंबई.

मोठा घोळ तारखेचा होतो. तिकिटावर १५ तारीख, रात्री ००:४० अशी वेळ असेल तर विमानतळावर १४ च्या संध्याकाळी पोचायचं. १५ च्या रात्री सामान घेऊन हजर झालेली माणसं आमच्या ओळखीत आहेत. दुसरं, रेल्वे आणि विमान यांत निदान सात-आठ तास ठेवा, पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच जाऊन राहा. कल्याणच्या पुढे गाडी कधी रखडेल याचं गणित कोणाकडेच नसतं.

## ८. पैसे आणि कागद : दोघांकडे वेगवेगळे

हे मी बायकांना उद्देशून लिहिते आहे. दोन्ही पासपोर्ट, सगळे पैसे, दोन्ही कार्डं आणि हॉटेलचा पत्ता 'ह्यांच्या' खिशात, आणि आपल्याकडे फक्त पाण्याची बाटली, हे बंद करा. मेट्रोचं दार मध्येच बंद होतं, माणसं दोन स्टेशनांवर अडकतात. तुमचा पासपोर्ट तुमच्याच पर्समध्ये. तुमच्या नावाचं, परदेशी वापर सुरू केलेलं कार्ड. तुमच्या फोनमध्ये हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत. निघण्याआधी ते कार्ड एकदा तरी स्वतः वापरून बघा.

दोघांची कार्डं वेगळ्या बँकांची ठेवा, म्हणजे एक अडलं तर दुसरं चालेल. दुकानात यंत्र 'रुपयांत की इथल्या चलनात?' असं विचारतं, तेव्हा नेहमी तिथलं चलन निवडा. रुपयांतला दर त्यांच्या फायद्याचा असतो. नेपाळ, भूतान, श्रीलंका, सिंगापूर, यूएई इथे काही दुकानांत आपलं यूपीआय चालतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. भारतातलं सिम बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात; रोमिंग इथूनच सुरू करून निघा.

## ९. डबा, मसाला, औषधं

डबा न नेणारा खान्देशी अजून जन्मायचाय, तेव्हा नेऊ नका असं मी म्हणणार नाही. काय न्यायचं ते सांगते.

शेंगदाण्याची चटणी, भाजलेले बिबडे, ज्वारीचे पापड, केळीचे वेफर्स, मेतकूट: बहुतेक ठिकाणी बिनधोक. लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत नको. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे आणि तूप दोन्ही घरी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहावी लागते. लपवलं तर दंड. ताजी फळं कुठेच नकोत, आपली केळीसुद्धा. सुकं खोबरं अख्खं नेऊ नका, तेलामुळे ते विमानात चालत नाही.

आणि काळा मसाला. त्यात खसखस असेल तर यूएई आणि सिंगापूरला तो नेऊच नका. खसखस तिथे बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. त्या प्रवासापुरता खसखशीविना मसाला कुटा. तंबाखूची पुडी खिशात ठेवणाऱ्यांनीही ऐका: सिंगापुरात खायच्या तंबाखूला बंदी आहे. ही सवय सोडायला याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही, पण ते तुमचं तुम्ही बघा.

स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंत तर फार सुख, रात्रीची खिचडी आपल्या हातची. मात्र छतावर धुराचा भोंगा असतो. आपली लाल मिरचीची फोडणी त्याला अजिबात सोसत नाही. खिडकी उघडा, पंखा लावा, तेल बेतानं तापवा आणि शेवभाजीचा बेत परत आल्यावर करा.

औषधं मूळ पाकिटातच न्या, हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नाव तिथे कोणी ओळखत नाही. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि काही वेदनाशामकं जपान आणि यूएईमध्ये आधी परवानगी घेतल्याशिवाय नेऊ नका. विमा काढताना मधुमेह, रक्तदाब लपवू नका. दोन-चारशे वाचतात आणि वेळेला दावा फेटाळला जातो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीच नाही.

## १०. पोचल्यावर दिवस कसा घालवायचा

पहिल्या दिवशी काहीही बघू नका. खोली, आंघोळ, जवळचं दुकान, दूध-फळं, लवकर झोप.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी एकच ठिकाण. दुपारी परत खोलीवर, जेवण, वामकुक्षी. युरोपात ही झोप परवडत नाही असं लोक म्हणतात. मला तर तिथेच ती सर्वात गरजेची वाटते, कारण उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि माणूस चालतच राहतो. संध्याकाळी बिनठरलेलं: बाजार, बाग, नदीकाठचं बाकडं. चार दिवसांनी भाजीवाली ओळखून हसते.

मुक्कामात एक दुपार वेगवेगळी काढा. आमच्याकडे हे शेतं आणि मंडई बघायला जातात, मी कापडाच्या दुकानांत. दोघांनी फोन चालू ठेवायचा आणि भेटायची जागा अशी ठरवायची जी फोन बंद पडला तरी सापडेल, चौकातला घड्याळाचा मनोरा वगैरे. सुरुवातीला हे विचित्र वाटेल. संध्याकाळी सांगायला दोघांकडे काहीतरी असतं.

फोटो कमी. खरेदी शेवटच्या दिवशी आणि आधी यादी करूनच, नाहीतर भावजय, नणंद, शेजारच्या जिजी, शेतातली माणसं करता करता बॅगेचं वजन वाढतं आणि जादा वजनाचे पैसे भेटवस्तूपेक्षा जास्त होतात.

## ११. परत आल्यावर

व्हिसाच्या फाइलची झेरॉक्स जपून ठेवा, पुढच्या अर्जाला तीच उपयोगी पडते. टूर कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं असेल तर त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीनं सरकारसाठी आगाऊ घेतलेला कर, कापलेला असतो. तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो आणि आयकर विवरणपत्र भरून करात वळता करता येतो किंवा परत मागता येतो. पॅकेजचे पैसे मुलानं भरले असतील तर तो त्याच्या पॅनवर दिसेल, तेव्हा त्याला सांगून ठेवा. उरलेल्या परकी नोटा १८० दिवसांत बँकेला विकायच्या असा नियम आहे, २००० डॉलरपर्यंतच्या पुढच्या वेळेसाठी ठेवता येतात. नाणी कोणी परत घेत नाही. ती नातवंडांना द्या.